खोटा छंद आणि वेडी बाभूळ

“हलू नका... जितक्या हलाल तितक्या अडकाल!”

देवेश्वरी नेगी जागच्या जागी थिजली. एका हातात मोबाइल, दुसरा हात हवेत, आणि आईने विणलेली लोकरीची शाल मागच्या काटेरी फांदीने गच्च धरून ठेवलेली. वरून बारीक, गार पाऊस. दिल्लीची थंडी जाता जाता अशी एकदा तरी कुरकुरतेच. राजेंद्रनगरसमोरच्या रिजवरच्या, म्हणजे टेकडीवरच्या, त्या रानात रोज फेऱ्या मारणारी म्हातारी मंडळीसुद्धा त्या सकाळी घरात आल्याचा चहा पीत बसली होती. बाहेर पडली होती ती ही एकटी शहाणी.

“कोण आहे?” तिने मान न वळवता विचारलं.

“माणूसच आहे. घाबरू नका, बेन.”

“बेन? मला सख्खा भाऊ आहे. तेवढा पुरे आहे!”

मागून हसू ऐकू आलं, आणि मग मानेजवळ उबदार श्वास... कोणीतरी एकेक काटा बाजूला करत होतं. इतकं जपून, की शालीचा एक धागा तुटला नाही. देवेश्वरी वळली. उंच, सावळा, गळ्यात दुर्बीण लटकवलेला, पापण्यांवर पावसाचे थेंब. त्या पापण्या जरा जास्तच लांब होत्या, असं तिला वाटलं. मग असं वाटल्याचा तिला रागही आला.

आभार मानायचे सोडून ती फाडफाड बोलू लागली. “प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, म्हणजे वेडी बाभूळ. मूळचं मेक्सिकोकडचं. आक्रमक परदेशी प्रजाती. खाली गवत उगवू देत नाही, देशी झाडांना हुसकून लावतं...”

“अरे वा! नाव, गाव, कुळ, सगळं पाठ. काट्याशी ओळख मात्र आजच झाली वाटतं?”

देवेश्वरीचे कान गरम झाले. कारण ते अगदी खरं होतं.

आता या मुलीची अडचण सांगायलाच हवी. गढवालमधल्या पौडीजवळच्या गावातून ती दिल्लीला आली, प्लायवूडच्या भिंतींच्या खोलीत राहिली, टिफिनमधला तोच तो राजमा खाल्ला आणि या खेपेला नागरी सेवेची मुख्य परीक्षा पार करून मुलाखतीपर्यंत पोचली. अर्जात छंद लिहायचा होता. क्लासचे सर म्हणाले, “वाचन, संगीत, स्वयंपाक लिहाल तर मुलाखत मंडळ जांभया देईल. जैवविविधतेला हल्ली भाव आहे. झाडं लिही, झाडं!” तिने लिहून टाकलं, वृक्षनिरीक्षण. डोंगरात वाढली खरी, पण लहानपणी तिने झाडाकडे पाहिलं ते चढण्यापुरतं. दिल्लीतली झाडं तर तिला सगळी एकाच आईची लेकरं वाटायची. परीक्षेला येणाऱ्या आक्रमक प्रजातींची नावं मात्र रामरक्षेसारखी मुखोद्गत. आता मंडळाने खिडकीबाहेर बोट दाखवून “ते कुठलं झाड?” असं विचारलं की झालंच कल्याण. म्हणून ही पहाटफेरी.

“तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या?” त्याने आदराने विचारलं.

खरं बोलायला तो एक क्षण पुरला असता. पण त्या पापण्या...

“छंद आहे,” ती म्हणाली. “लहानपणापासून. आणि तुम्ही? पक्षी?”

त्याने दुर्बिणीवरून हात फिरवला. “हो... म्हणजे, लहानपणापासून.”

तो हमीर गढवी. कच्छातला, बन्नीच्या गवताळ रानातला. त्याचीही मुलाखत होती, आणि वयाच्या अटीने हा त्याचा शेवटचा प्रयत्न होता. या खेपेला नाही तर कधीच नाही.

पाऊस वाढला तसे दोघं एका झाडाखाली आडोशाला उभे राहिले आणि सौदा ठरला. रोज सकाळी तिने त्याला झाडं शिकवायची, त्याने तिला पक्षी.

आणि मग सुरू झाली ती गंमत! रोज जेवणं झाली की देवेश्वरी पुस्तकं उघडून दुसऱ्या दिवशीची चार झाडं पाठ करायची आणि सकाळी अशा थाटात सांगायची, जणू त्यांच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात. जिथे अडेल तिथे तिचं ठरलेलं उत्तर असायचं.

“हे कुठलं?”

“शेंगवर्गीय.”

“कालचंही शेंगवर्गीय होतं.”

“मोठं कुटुंब आहे. तुमच्यासारखं नाही, दोन माणसांचं.”

“आमच्याकडे जेवायला वीस माणसं बसतात. येऊन बघा एकदा.” आणि असं म्हणून झाल्यावर तो स्वतःच गोंधळून झाडाच्या शेंड्याकडे दुर्बीण रोखायचा.

तिकडे त्याचंही काही वेगळं चाललेलं नव्हतं. तपकिरी पक्षी दिसला की तो आवाज खाली आणून सांगायचा, “मादी.”

“कशाची?”

“ज्याची मादी तपकिरी असते त्याची.”

“हमीर!”

“श्शू... उडेल ती.”

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तांबट पक्ष्याची ती एकसुरी टुक-टुक ती आता खोलीत बसूनही ओळखू लागली. सातभाईंचा गोंगाट ऐकला की तिला हमीरचं वीस माणसांचं घर आठवायचं, आणि राजमा खाताना ती उगाच हसायची. सावरीला लाल फुलं आली तेव्हा हमीरने एक उचलून तिच्या हातावर ठेवलं. “हे ओळखतो हं मी. सावर. अस्सल देशी.”

“शाब्बास. दोन गुण.”

“फक्त दोन?”

“चुकलास तर कापूनही घेईन. माहीत आहे ना पद्धत?”

फूल घेताना बोटं बोटांना लागली. कोणीच हात चटकन मागे घेतला नाही.

एकदा शंकर रोडच्या टपरीवर चहा पिताना विषय वेड्या बाभळीवर आला. हमीरच्या गावाकडे तिला गांडो बावळ म्हणतात, अर्थ तोच. देवेश्वरीने सवयीने पाठ म्हणायला घेतलं, “निष्कर्ष, या प्रजातीचं समूळ उच्चाटन हाच...”

“थांब,” तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात मस्करी नव्हती. “दुष्काळात आमच्याकडे काडी उरली नव्हती ना, तेव्हा आमच्या शेळ्या याच्या शेंगांवर जगल्या. आईने याचा कोळसा पाडला. हात काळे करून घेतले, पण मला शाळेतून काढलं नाही. मी आज इथे बसलोय तो या झाडामुळे, देवेश्वरी. आणि याच झाडाने आमचं गवत गिळलं. म्हशी चरायच्या ते मोकळं रान... गेलं. आता सांग, शिव्या देऊ की पाया पडू?”

क्लासमध्ये याचं उत्तर कोणी दिलं नव्हतं.

“आमच्या डोंगरात घाणेरी आहे,” ती हळूच म्हणाली. “आई कोयता घेऊन छाटते. ती दुप्पट फुटते. आई म्हणते, ही आणि माझी सासू, दोघींना काही बोलायची सोय नाही. पण आजी गेली तेव्हा सगळ्यात जास्त आईच रडली.”

हमीर तिच्याकडे बघतच राहिला. चहा निवला.

“विधान एक,” तो घुटमळत म्हणाला, “मला सकाळ आवडायला लागली आहे. विधान दोन... विधान एकचं कारण रिजवरची झाडं आहेत.”

“विधान एक बरोबर,” देवेश्वरी पेल्यात बघत म्हणाली. “विधान दोन चूक.”

“खात्री?”

“अंदाज मारलाय. गुण गेले तर गेले.”

पण त्यापुढे दोघंही बोलले नाहीत. मुलाखत डोक्यावर होती, आणि त्याची तर शेवटची. तोंडाशी आलेलं तसंच गिळून दोघं आपापल्या खोल्यांवर गेले.

हमीरची मुलाखत आधी होती. त्या सकाळी तो निळा कोट घालून निघून गेला आणि देवेश्वरी एकटीच रिजवर आली. नेहमीच्या वळणावर भसीन आंटी भेटल्या. या आंटी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, हातात काठी, पायात पांढरे बूट, आणि जिभेला बाई धार.

“काय गं, आज जोडीदार कुठे?”

“मुलाखतीला गेलाय, आंटी. मी त्या शिरीषाखाली बसते जरा.”

“कुठल्या शिरीषाखाली?”

देवेश्वरीने दाखवलं. पांढऱ्या गोंड्यांच्या फुलांचं, नाजूक पानांचं ते झाड. हमीरला तिने ते पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. शिरीष, अस्सल देशी, यावर बुलबुल घरटं करतो. हमीरचं ते लाडकं झाड झालं होतं. मंडळाने विचारलं तर याच झाडाचं सांगणार, असं तो म्हणाला होता.

आंटी पोट धरून हसल्या. “अगं वेडे, ही सुबाभूळ! शेंगांचे हे तपकिरी झुबके बघ. शिरीषाची शेंग रुंद असते, पिवळट, वाऱ्यावर खुळखुळते. ही तर तुमच्या त्या पुस्तकातलीच बाई. परदेशी आणि पसरणारी!”

देवेश्वरीने घाईघाईने मोबाइल काढला.

फोन लावला तर बंद. तो आत गेला होता. तिने रिक्षा पकडली, शाहजहान रोडला आयोगाच्या फाटकासमोर उतरली आणि मुलांचे आईबाप देवाचं नाव घेत उभे होते त्यांच्यात जाऊन उभी राहिली. कोणाची आई माळ ओढत होती, कोणाचे वडील उगाच घड्याळ पाहत होते. देवेश्वरी मनातल्या मनात गावच्या नागदेवतेला विनवत होती. देवा, त्यांना झाडांचं काही विचारायला सुचू देऊ नकोस. माझा अडाणीपणा त्याच्या नशिबी नको. शेवटची वेळ आहे रे त्याची!

हमीर बाहेर आला. कोट हातावर, टाय सैल. तिला पाहून तो थबकला.

“तू इथे?”

“ते शिरीष नव्हतं!” ती ओरडलीच. शेजारची माळवाली बाई दचकली. “सुबाभूळ होती! मी चुकीचं शिकवलं. मला काही येत नाही, हमीर. अर्जात थाप मारली होती. तुला रोज जे शिकवत होते ते आदल्या दिवशी पाठ केलेलं असायचं. तू तिथे सांगितलं नाहीस ना? सांग ना, नाही ना सांगितलंस?”

“सांगितलं.”

तिने तोंडावर हात ठेवला.

“मंडळात एक जण वनखात्यातून निवृत्त झालेले निघाले. म्हणाले, ‘वर्णन छान केलंत, पण ही सुबाभूळ आहे, साहेब.’ मी म्हणालो, ‘सर, मग माझ्या गुरूंचं चुकलं. आणि हे त्यांना सांगायला मला फार मजा येणार आहे.’” हमीर हसायला लागला. “सगळे हसले गं! तोपर्यंत मी लाकडासारखा बसलो होतो. मग त्यांनी विचारलं, वेडी बाभूळ उपटून टाकायची का? मी तुला टपरीवर सांगितलं तेच सांगितलं. आईच्या हातांचं, गवताचं, सगळं. म्हटलं, काढायची. पण जिची चूल त्यावर पेटते तिला आधी विचारून, आणि तिच्या चुलीची सोय करून.”

देवेश्वरीच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं. हमीरने खिशातून रुमाल काढला, तिच्या हातात कोंबला आणि मान खाली घातली.

“आणि... मलाही पक्षी येत नव्हते. दुर्बीण रूममेटची आहे.”

ती रडता रडता थांबली. “म्हणजे त्या सगळ्या माद्या?”

“देव जाणे कोणाच्या होत्या.”

तिने त्या रुमालानेच त्याला झोडपलं. माळवाली बाई आता उघडउघड हसत होती.

पुढे तिचीही मुलाखत झाली. तिला छंदावर कोणी अवाक्षर विचारलं नाही. पौडीच्या शाळांबद्दल विचारलं, आणि सोडून दिलं!

उन्हाळा तापला आणि निकाल लागला. देवेश्वरी नेगीचं नाव यादीत होतं. फार वर नव्हतं, कलेक्टर होण्याइतकं तर नव्हतंच, पण टपाल किंवा रेल्वेत अधिकारी होण्याइतकं होतं. खोलीत मिठाई आली, पौडीत ढोल वाजला. तिने यादी पुन्हा पुन्हा खालीवर केली. हमीर गढवी हे नाव कुठेही नव्हतं.

त्याचा फोन आला. तिने उचलला नाही. पुन्हा आला, पुन्हा नाही. कुठल्या तोंडाने बोलणार? माझी सुबाभूळ त्याला नडली, हे एकच तिच्या मनात घर करून बसलं. ज्याने एक धागा तुटू न देता शाल सोडवली, त्याचं अख्खं आयुष्य आपण अडकवून ठेवलं, असं वाटून ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. तो गावी जायची तयारी करतोय, हे तिला कोणाकडून तरी कळलं. तरी ती गेली नाही.

मग गुण जाहीर झाले. आणि खाली रस्त्यावरून हाक आली.

“ओ अधिकारीण बाई! खाली या, नाहीतर मी वर येतो. घरमालकीणबाईंना मी सगळं सांगेन!”

काय सांगणार ते न विचारताच ती धावत जिने उतरली. हमीरने मोबाइल तिच्या नाकासमोर धरला.

“वाच. मुलाखतीचे गुण. आणि तुझे किती आहेत?”

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. “तुझे... माझ्यापेक्षा जास्त आहेत.”

“बरेच जास्त! आता इथे बघ. निबंध. सपाट! निबंधात बुडालो मी, आणि निबंध काही तू शिकवला नव्हतास. इतके दिवस तोंड लपवून बसलीस, मूर्ख मुली. मला वाटलं, पास झाली आणि ओळख विसरली.”

“असं वाटलं तुला?” तिचा आवाज चिरकला.

“काय वाटणार? फोन उचलत नाहीस, रिजवर येत नाहीस. एकट्यानं सातभाई मोजत बसलो होतो.”

रस्त्याच्या कडेचा बहावा नुकता पिवळा व्हायला लागला होता. दोघंही त्याच्या सावलीत सरकले. हमीरचा आवाज उतरला.

“शेवटचा प्रयत्न होता, देवेश्वरी. वाईट वाटलंच. दोन दिवस जेवलो नाही. पण मग बन्नीत काही मंडळी आहेत, त्यांचा फोन आला. वेडी बाभूळ थोडी थोडी काढतात, गवत परत आणतात, आणि कोणकोणते पक्षी परतले त्याची नोंद ठेवतात. त्यांनी विचारलं, पक्षी ओळखता येतात का? मी म्हणालो, येतात. आणि म्हटल्यावर लक्षात आलं... अरे, हे तर खरंच आहे! तुझ्यापुढे फजिती नको म्हणून इतका अभ्यास केला, की खरोखर यायला लागले. परीक्षेने मला काही दिलं नाही. तू दिलंस. तेवढं सांगायला हाका मारत होतो. उपकार झाले तुझे.”

“उपकार?” देवेश्वरी उसळली. “तू मला काय दिलंस ते माहीत आहे? मी तीन महिन्यांपूर्वी या रस्त्याने मान खाली घालून, नोट्स पुटपुटत जायची. आता वर बघत चालते. आई फोनवर म्हणते, तुझा आवाज बदलला. आणि तू उपकार मानून, सामान बांधून निघालास? बाकीचं कोण बोलणार? टपालखातं?”

“बाकीचं...” तो अडखळला. “मी नापास झालेला माणूस. तू सरकारी अधिकारी. मी तुला कुठल्या तोंडानं...”

“त्याच तोंडानं, ज्या तोंडानं मला माद्या दाखवत होतास!” ती श्वास घ्यायला थांबली. तिचे कान तापले होते, पण आज तिला पर्वा नव्हती. “मला तू आवडतोस, हमीर. थाप नाही मारत. आदल्या दिवशी पाठही केलेलं नाही.”

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला आणि त्या लांब पापण्या ओल्या झाल्या. मग त्याने तिचा हात हातात घेतला, रस्त्यावर, भर दुपारी, समोर ज्यूसवाला बघत असताना.

“मलाही,” तो म्हणाला. “तू पावसात शाल सोडवून घेत ताठ उभी होतीस ना... तेव्हापासून. पण तुझ्या घरी?”

देवेश्वरीने तिथल्या तिथे फोन लावला. पौडीला, आईला. आणि स्पीकर चालू केला, कारण एकटीने ऐकायचा धीर तिला नव्हता.

“आई, मला एक मुलगा आवडलाय.”

पलीकडे बराच वेळ नुसती कोंबड्यांची कलकल.

“परीक्षा पास झालेला?”

“नाही. नापास झाला.”

“मग करतो काय?”

देवेश्वरीने हमीरकडे पाहिलं. तो वाळूत उभ्या केलेल्या खांबासारखा ताठ झाला होता. “गवत वाढवतो, आई. गुरांसाठी. कच्छात.”

पुन्हा कोंबड्या. मग आईने घसा खाकरला. “घरी गुरं आहेत का त्यांच्या?”

“आहेत,” हमीर न राहवून बोलला, “म्हशी आहेत, मांजी. अकरा.”

“अकरा!” आईचा सूर एकदम बदलला. “अगं, गवत वाढवणाऱ्याला नापास कोण म्हणतं? काय तुझी ती परीक्षा! आण त्याला इकडे. आणि ऐक, येताना उन्हातान्हाचं जेवून निघा दोघं.”

फोन ठेवला तेव्हा देवेश्वरी हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळत नव्हतं. हमीरने वर आभाळाकडे बघून दोन्ही हात जोडले. मग खाली तिच्याकडे बघून पुन्हा जोडले, आणि ज्यूसवाल्याला हाक मारून सांगितलं, “भैया, दोन मोठे ग्लास मोसंबी. आज आमचं लग्न ठरलंय!”